पळायचंय? मग आधी हळू पळा! नव्या-जुन्या सगळ्या पळणाऱ्यांसाठी कामाची माहिती

पहाटे साडेपाचला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर निघा, रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतात. पोलीस भरती, आर्मी भरतीची पोरं ती. पण अलीकडं त्यांच्या मागं दुसरीही माणसं दिसायला लागली आहेत. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलेले काका, बाळंतपणानंतर वजन वाढलेली सून, दिवसभर गल्ल्यावर बसून पोट सुटलेला दुकानदार, शाळेतले गुरुजी. यांना ना भरती व्हायचंय, ना मेडल आणायचंय. अंगात हुशारी राहावी, दवाखाना लांब राहावा, एवढाच हिशेब.

या माणसांचं घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. पहिल्याच दिवशी भरतीच्या पोरांच्या जोडीनं पळायला जातात. दोनशे मीटरवर दम तुटतो, तिसऱ्या दिवशी नडगी धरते, आठव्या दिवशी बूट माळ्यावर जातात. मग ‘आपल्याला काय ते जमत नाय’ म्हणून विषय संपतो. खरं तर पळणं जमत नसतं असं नाही, वेग चुकलेला असतो.

हळू म्हणजे किती हळू?

साधी खूण आहे. पळता पळता शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘काल बाजारात कांद्याला काय भाव लागला’ एवढं विचारताना मधेच धाप लागून थांबावं लागलं, तर वेग जास्त आहे. कमी करावा. तेवढ्यानंही होत नसेल तर चालावं. चालण्यात कसलाही कमीपणा नाही.

घाई न करण्यामागं कारण आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, कारण हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात. हाडं, सांधे आणि स्नायूंना हाडाशी बांधून ठेवणाऱ्या शिरा मात्र सावकाश पक्क्या होतात, त्यांना महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात दम चांगला टिकतो म्हणून माणूस अंतर एकदम दुप्पट करतो आणि तिथंच नडगी नाहीतर गुडघा बोलायला लागतो.

कधीच न पळालेल्यानं सुरुवात अशी करावी. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस मोकळा. आधी ५ मिनिटं भरभर चालायचं. मग १ मिनिट हळू पळायचं, २ मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. शेवटी ५ मिनिटं चालून थांबायचं. दोन आठवडे एवढंच. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात २ मिनिटं पळणं, २ मिनिटं चालणं, सहा वेळा. पाचव्या-सहाव्यात ४ मिनिटं पळून १ मिनिट चालणं, पाच वेळा. सातव्या-आठव्यात १० मिनिटं सलग, मधे २ मिनिटं चालणं, परत १० मिनिटं. त्यानंतर बहुतेकांना २५-३० मिनिटं न थांबता पळता येतं. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करायचा, पुढं सरकायची सक्ती नाही. वय आणि वजन जास्त असेल तर दोन महिन्यांचे चार महिने होतील. होऊ द्यावेत.

अर्ध्या तासात साडेतीन-चार किलोमीटर झाले तर सुरुवातीला पुष्कळ झाले. अंतर मोजायला मोबाइल चालतो. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळं रेंज नसलेल्या शिवारातही ॲप अंतर दाखवतं. मोबाइल न्यायचा नसेल तर रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आहेतच.

‘शेतात राबणाऱ्याला पळायची काय गरज?’ हा प्रश्न पारावर हमखास निघतो. खुरपणी, फवारणी, पोती उचलणं यानं ताकद येते, पण अर्धा तास सलग दम वाढवणारं काम त्यात कमीच. शिवाय आता नांगरट ट्रॅक्टरनं होते आणि वस्तीवर मोटारसायकलनं जाणं होतं. पण उलटी बाजूही ध्यानात ठेवावी. रात्रीच्या लाइटीला दारं धरून पहाटे घरी आलेल्या माणसानं त्या सकाळी पळू नये. झोप झालेली नसते, पाय आधीच चिखलातून ओढलेले असतात. दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, ऊसतोड केली, तो दिवस व्यायामातच मोजावा.

आधीपासून पळणाऱ्यांसाठी

जे सलग पाच किलोमीटर पळतात त्यांचीही चूक हीच असते, फक्त वेगळ्या रूपात. रोज त्याच रस्त्यानं, रोज जिवाच्या आकांतानं, आणि वेळ मात्र सहा महिने तीच. आठवड्यात पाच दिवस पळत असाल तर चार दिवस बोलता येईल अशा वेगानं पळावं. एकच दिवस जोर लावावा. भरतीवाल्यांना दोन दिवस चालतील, पण ते लागोपाठ नकोत. आठवड्यातल्या एका दिवसाचं अंतर हळूहळू वाढवायचं, दर आठवड्याला एखादा किलोमीटर, आणि चौथ्या आठवड्यात थोडं कमी करायचं.

पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, म्हणून पोरं रोज तेवढंच अंतर घड्याळ लावून तोडतात. ही रोजची परीक्षा झाली, अभ्यास कधी करणार? आठवड्यातून एकदा वेळ लावावी. बाकी दिवस लांब आणि हळू पळावं, आणि एक दिवस ४०० मीटरचे तुकडे जोरात, मधे पुरेशी विश्रांती. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेला जाता-येता रोज मैलोगणती चालत-पळत होता. पुढं सैन्यात गेल्यावर तो ३००० मीटर स्टीपलचेसकडं वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक मिळवलं. पाया आधी पडलेला होता, वेग नंतर आला.

रस्ता, कुत्री आणि ऊस

पळायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे शाळेचं मैदान किंवा कॅनॉलच्या कडेचा मातीचा रस्ता. मातीवर पायांना हादरा कमी बसतो. डांबरी रस्ता चालतो, सिमेंटचा रस्ता जड जातो. हायवे शक्यतो टाळावाच. पर्याय नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेनं पळावं. अंधारात काळे-निळे कपडे नकोत, पांढरा किंवा पिवळा टी-शर्ट असावा आणि हातात बॅटरी. दोन्ही कानांत हेडफोन घालून पळणारी पोरं स्वतःच्या जिवाशी खेळतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटेपासून चालू असतात, अनेकांना मागं लाल दिवा नसतो आणि बाहेर आलेल्या उसाची टिपरं डोक्याच्या उंचीला असतात. त्या दिवसांत उजाडल्यावरच पळावं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेरसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात तर अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं जाऊच नये.

कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागं लागणं हा त्याचा स्वभाव आहे. थांबावं, डोळ्याला डोळा न देता उभं राहावं, हळूहळू मागं सरकावं. चावलंच किंवा नुसता दात लागून ओरखडा आला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी. चटणी, हळद, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी आणि सांगितलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करावेत. ‘गावातलंच कुत्रं आहे, काय होत नाही’ असं म्हणून दोन डोसांवर थांबणारे बरेच असतात. रेबीज एकदा अंगात उठला की जवळपास कुणीच वाचत नाही.

बायकांना वेगळ्या अडचणी आहेत. गावात बाईनं पळायचं म्हटलं की आधी लोकांच्या नजरा. तिघी-चौघींनी मिळून एक वेळ आणि एक रस्ता ठरवला की बोलणारे महिनाभरात गप्प होतात, असं बऱ्याच गावांतून दिसतं. सैल पंजाबी ड्रेस चालतो, ओढणी मात्र घट्ट बांधावी. बरोबर मापाची स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, तिथं पैसे वाचवू नयेत. पाळीच्या दिवसांत पळायला मनाई नाही, झेपेल तेवढं पळावं. लवकर थकवा येतो, जीना चढताना धाप लागते, चेहरा पांढरा पडलाय, असं असेल तर पळणं वाढवण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

बुटांचं

बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी नेसून अनवाणी पळालेल्या लता करे यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्या नवऱ्याच्या उपचाराला पैसे पाहिजेत म्हणून पळाल्या होत्या, हौस म्हणून नाही. रोजच्या पळण्याला पायात बूट असलेले बरे. शुगर असलेल्यानं तर अनवाणी पळूच नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी रोज रात्री तळपाय बघावेत, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना बघायला लावावेत.

बूट महाग असलाच पाहिजे असं नाही. संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिली पाहिजे आणि टाच मागं हलता कामा नये. बाजारातला नावाजलेल्या कंपनीचा नकली बूट घेण्यापेक्षा साध्या कंपनीचा खरा बूट परवडतो. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर तळ बसतो, वरून बूट नवा दिसला तरी. भिजलेला बूट उन्हात किंवा चुलीपुढं ठेवू नये, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. मांड्या घासत असतील तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून निघावं.

खाणं-पाणी

सकाळी अर्ध्या तासाच्या पळण्याला आधी काही खायलाच पाहिजे असं नाही. भूक असेल तर एखादं केळं किंवा दोन खजूर. भरल्या पोटी मात्र पळू नये, बरगडीखाली कळ येते. आल्यावर भाकरी, उसळ, अंडं, शेंगदाणा-गूळ, दूध यातलं घरात असेल ते पोटभर खावं. डब्यातल्या प्रोटीन पावडरची हौशी माणसाला गरज नाही. कडक उपवासाच्या किंवा रोजाच्या दिवशी नुसतं चालावं.

पाणी तहानेप्रमाणं प्यावं. कमी पिणं वाईट, तसंच दोन-तीन तासांच्या पळण्यात तहान नसताना लिटरवर लिटर साधं पाणी ढोसणंही वाईट. रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी, झटकेसुद्धा येतात. तासापेक्षा जास्त पळणं असेल तर ओआरएस बरोबर ठेवावं. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे माप वाढवू नये. रक्तदाबामुळं मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

ऊन लागलं तर

ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडमधल्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत उमेदवारांना १० किलोमीटर पळायला लावलं होतं. त्यात दहाहून जास्त तरुण गेले. आपल्याकडं जून २०२४ च्या पोलीस भरतीच्या वेळी नवी मुंबईत पळताना एका उमेदवाराचा जीव गेला. ही सगळी तरणी पोरं होती.

विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जूनपर्यंत सकाळी सातच्या आत पळणं उरकावं. कोकणात ऊन कमी वाटलं तरी हवेतल्या दमटपणामुळं घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही, तिथंही तोच धोका. थंडीत सराव करून एकदम उन्हाच्या दिवसांत पूर्ण वेगानं पळू नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात, तेवढे दिवस अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत. ताप, जुलाब, आदल्या रात्रीची दारू, यातलं काहीही असेल तर पळणं बंद.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊन अडखळायला लागला, अंग तापलंय, उलटी झाली, तर तो उष्माघात समजावा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं नसतं. पळताना झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नये, लगेच थंड करावं. जवळ शेतातला हौद असेल तर डोकं वर धरून, कुणीतरी सोडू न देता, गळ्यापर्यंत पाण्यात बसवावं. नसेल तर सावलीत घेऊन विहिरीचं, बोअरचं पाणी अंगावर ओतत राहावं, काखेत, जांघेत, मानेला ओली फडकी ठेवावीत, वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनळीत जातं. दवाखाना तीस किलोमीटर लांब असलेल्या गावात पहिली दहा-पंधरा मिनिटं काय केलं यावर सगळं ठरतं.

छातीत दुखलं की पित्त समजू नका

पळण्यानं हृदय मजबूत होतं, यात वाद नाही. पण आधीच रक्तवाहिनीत अडथळा असेल तर जोरात पळताना तो उघडा पडतो. वय चाळिशीच्या पुढं, शुगर, बीपी, बिडी-सिगारेट-तंबाखू-मिसरी, घरात कुणाला कमी वयात झटका आलेला, यातलं एक जरी लागू असेल तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. शुगर आणि बीपी मोजून घ्यावं, डॉक्टर सांगतील तर ईसीजी काढावा. ईसीजी चांगला आला म्हणजे कायमची हमी नव्हे, खुणांकडं लक्ष ठेवावंच लागतं.

त्या खुणा अशा. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं होणं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात, खांद्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, वेगाच्या मानानं फार जास्त धाप, डोळ्यापुढं अंधारी. पळताना होतं आणि थांबलं की राहतं, ही तर सगळ्यात मोठी खूण. गावाकडं याला ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ म्हणायची पद्धत आहे. सोडा पिऊन, ओवा खाऊन माणूस दुसऱ्या दिवशी परत पळायला येतो. तसं करू नये. बायकांत आणि शुगर असलेल्यांत छाती न दुखता नुसता थकवा, मळमळ, धाप एवढ्यावरही झटका येऊ शकतो. पळताना तरणा पोरगाही एकाएकी चक्कर येऊन पडला तर ते उपाशीपोटी झालं असं परस्पर ठरवू नये, हृदय तपासून घ्यावं.

कुणी कोसळला, हाक मारून उत्तर देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकानं १०८ लावावा आणि दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटीमीटर खोल. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही, दमल्यावर माणूस बदलायचा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं यात वेळ जातो.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर, गूळ किंवा गोळ्या-चॉकलेट ठेवावं. हातपाय थरथरले, एकदम घाम फुटला, डोकं चालेना झालं की लगेच थांबून खावं.

दुखणं आणि इंजेक्शनं

नव्या माणसाचे पाय दुखणारच. दोन्ही पायांचं मांस दुखतं, दोन-तीन दिवसांत उतरतं, ते चांगलं दुखणं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येतं, पळताना वाढत जातं, रात्रीही ठणकतं, ते वाईट. नडगीच्या हाडावर असं दुखत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. पळणं थांबवून दाखवावं. तेल चोळून आणि फडकं बांधून पळत राहिल्यानं महिन्याचं दुखणं सहा महिन्यांचं होतं.

पळायच्या आधी दुखण्याची गोळी घेऊन निघणं बंद करावं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा काही गोळ्या किडनीला बाधतात. त्याहून वाईट म्हणजे ‘ग्राउंडच्या आधी घ्यायचं इंजेक्शन’. मेफेंटरमाइन हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब घसरला तर डॉक्टर वापरतात. तेच दम वाढवणारं म्हणून जिममध्ये आणि भरतीच्या पोरांत चोरून विकलं जातं. धडधाकट पोराचा रक्तदाब आणि ठोके त्यानं एकदम चढतात, हृदयाची लय बिघडते. घरात अशी बाटली किंवा सुया दिसल्या तर आईबापानं गप्प बसू नये.

स्पर्धेत भाग घ्यायचा असेल तर

आपल्याकडं तीन किलोमीटरच्या शर्यतीलाही मॅरेथॉन म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटर, हाफ त्याच्या निम्मी. नाव देण्याआधी अंतर विचारून घ्यावं. पाच किलोमीटर सहज जमतात त्यानं दहाची तयारी दोन-तीन महिन्यांत करावी. हाफला दहा नियमित पळायला लागल्यावर आणखी तीन-चार महिने द्यावेत. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून जाते. तिथं जायचं तर आधी चढ-उताराचा सराव हवा, सपाटीवर पळणाऱ्याच्या मांड्या उतारावर भरून येतात.

स्पर्धेच्या दिवशी नवा बूट, नवे मोजे घालू नयेत, कधी न खाल्लेलं खाऊ नये. शिट्टी वाजली की सगळे सुसाट सुटतात, त्यात वाहवत जाऊ नये. पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश काढावा, पुढं गेलेले निम्मे सहाव्या-सातव्या किलोमीटरला चालताना भेटतात. संपल्यावर एकदम बसू नये, दहा मिनिटं चालावं. आणि हाफ पळून लगेच मोटारसायकलवर पन्नास-साठ किलोमीटर गाव गाठायला निघू नये, गिअर टाकताना पायाला गोळा आला तर गाडी हातातून जाते. परतीला गाडी चालवायला दुसरा माणूस बरोबर न्यावा, नाहीतर एसटीनं यावं.